एक कान उघडा

‘काहीच नसलेली कॅसेट आहे का तुमच्याकडे?’

मी हे विचारलं आणि जांभळी नाक्यावरच्या दुकानातले शेठजी माझ्याकडे बघतच राहिले. काउंटरवर तीन वॉकमन मांडलेले होते. तिन्हींत एकच धडधडणारी ढोल-ताशाची कॅसेट वाजवून झाली होती, आणि तिन्हींबद्दल शेठजींचं मत एकच होतं – ‘एकदम क्लियर!’

‘कोरी पाहिजे का, भाभी?’

‘हो. काही न भरलेली.’

‘मग ऐकणार काय?’

‘मशीन,’ मी म्हटलं. ‘मशीन स्वतः किती आवाज करतं, ते.’

शेजारी कुणीतरी हसलं. मी चिडून वळले. वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून एक उंच, सावळा माणूस उभा होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि डोळे... डोळे मात्र अजिबात टिंगल करणारे नव्हते.

‘तुम्हाला नाही हसलो, मॅडम,’ तो घाईने म्हणाला. ‘शेठच्या तोंडाला हसलो. बरोबर बोलताय तुम्ही. ढोल-ताशा लावला की सगळ्या मशिनी चांगल्याच वाटतात.’

‘रतन, तू माझं गिऱ्हाईक तोडू नको हां!’ शेठजी.

‘तोडत नाय, जोडतोय.’ त्याने खिशातून एक कॅसेट काढली आणि माझ्यासमोर धरली. ‘ही लावून बघा. काहीच नाही असं नाही... पण जवळजवळ काही नाही.’

मी पहिल्या वॉकमनमध्ये ती घातली. मोटरची घरघर आली, पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तशी. दुसऱ्यात नुसतं सूंऽऽ. तिसऱ्यात आधी वाटलं, बंदच आहे. मग हळूच पाणी आलं. लाकडाला चाटून मागे जाणारं, पुन्हा येणारं. आणि त्या पाण्यावरून, लांबून, बारीक तीन शिट्ट्या घसरत गेल्या.

‘तुतवार!’ मी जवळजवळ ओरडलेच.

‘कोण?’

‘तुतवार. चिखलात फिरतो बघा, शेपटी वरखाली हलवत.’

‘नाव आहे होय त्याला?’ त्याचा चेहरा खुलला. ‘जन्मापासून बघतोय, मी आपला त्याला नाचऱ्या म्हणतो. ओहोटीला होडी चिखलात टेकली ना, की येतो. मीच भरलंय हे. खाडीत.’

माझ्या पदराला हिसका बसला. खाली माझी गोदा, वय वर्षं साडेतीन, मान वर करून विचारत होती, ‘आई, मला पण नाचऱ्या.’

*

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची, दसरा नुकताच झाला होता तेव्हाची.

आम्ही तिघी ठाकुर्लीला राहायचो. मी, गोदा आणि माझ्या सासूबाई विमलाबाई. गोदाचे बाबा ती पाच महिन्यांची असताना काविळीने गेले. पुढे गोदाला बाळदमा निघाला. रोज नाही व्हायचं. पण व्हायचं तेव्हा आधी छातीत एक बारीक शीळ सुरू व्हायची, इतकी बारीक की कान देऊन बसावं लागे. ती वेळेवर ऐकू आली की बसतं करायचं, औषध द्यायचं, कोमट पाणी पाजायचं, संपलं. नाही ऐकू आली, तर मग रिक्षा आणि दवाखाना. सासूबाईंना कमी ऐकू यायचं. त्यामुळे ही शीळ ऐकणारं घरात कोण, तर मी. मी झोपेतही एक कान उघडा ठेवायला शिकले होते.

त्यातच कॉलेजमधले आमचे झूलॉजीचे देवराम सर भेटले. नौपाड्यात राहायचे. विद्यार्थ्यांनी कुठे येऊरच्या जंगलात, कुठे खाडीवर जाऊन पक्ष्यांचे आवाज भरून आणलेले, आणि सर त्यातून शाळांसाठी कॅसेट तयार करणार होते. ‘वृंदा, तुझ्यासारखा कान आख्ख्या वर्गात नव्हता,’ ते म्हणाले. ‘हे सगळं ऐकून कुठे कोण बोलतंय ते मला काढून दे. मानधन मिळेल. पण हेडफोन लावूनच ऐक हो. नाहीतर अर्धं निसटतं.’

लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला माझ्या कानाबद्दल काही बोललं होतं. मी हरखून ‘हो’ म्हटलं. म्हणून त्या दुकानात उभी होते.

वॉकमन ठरला. हेडफोन मात्र दोन प्रकारचे होते. एक हलका, स्पंजच्या गोल चकत्यांचा. दुसरा मोठा, रेक्झिनच्या गाद्यांचा. कान पूर्ण झाकणारा.

‘मोठाच घ्या,’ रतन म्हणाला. ‘स्पंजमधून रस्ता आत येतो. पक्ष्यापेक्षा रिक्षा जास्त ऐकाल.’

मी मोठा कानांवर चढवला. आणि जांभळी नाका नाहीसा झाला. भाजीवाल्या, हॉर्न, शेठजी – सगळं काचेपलीकडे गेल्यासारखं. किती शांत... किती छान... मग मी खाली बघितलं. गोदाचं तोंड हलत होतं. आवाज नव्हता. माझी लेक माझ्याशी बोलत होती आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं!

मी हेडफोन ओरबाडून काढला. ‘काय गं? काय होतंय? दम लागलाय?’

‘शू लागलीये,’ गोदा म्हणाली.

शेठजी खो-खो हसले. रतन हसला नाही. तो माझ्या हाताकडे बघत होता. हेडफोनची पट्टी मी अजून मुठीत आवळून धरली होती.

‘स्पंजचा द्या,’ मी म्हटलं.

‘पण मॅडम –’

‘स्पंजचा.’

*

पुढच्या शनिवारी सरांनी माझी कॅसेट आणि माझा कागद शेजारी ठेवला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘वृंदा, यात सुरुवातीलाच शिंपी आहे. कोतवाल आहे. तू कुणालाच धरलं नाहीस?’

काय सांगणार? माझ्या स्पंजमधून आत आलं होतं ते शेजारच्यांचा कुकर, जिन्यावरची पोरं आणि गोदाचा श्वास. विशेषतः गोदाचा श्वास. शिंपी बोलला तेव्हा मी तोच ऐकत असणार.

‘अजून एकदा बघ,’ सर म्हणाले. मायेनेच म्हणाले. पण मला कळलं, अशा ‘अजून एकदा’ फार नसतात.

परत येताना टेंभी नाक्यामागच्या गल्लीत पाटी दिसली – ‘रतन साउंड सर्व्हिस’. बाहेर हत्तीएवढे स्पीकर उन्हात वाळत घातल्यासारखे उभे. आत रतन नाखवा एका माइकची मान पिरगाळत बसला होता.

‘म्हणजे नवरात्रात आख्ख्या ठाण्याच्या कानठळ्या बसवता ते तुम्हीच?’ मी दारातून विचारलं.

तो दचकून उठला. मग हसला. ‘मीच. म्हणून तर दसऱ्यानंतर खाडीत पळतो. नऊ दिवस आवाज विकायचा, मग आठवडाभर होडीत गप बसायचं. आई म्हणते, पोराला लागिर झालंय.’ मग एक स्टूल पुसून पुढे सरकवत, ‘स्पंज फसला ना?’

‘तुम्हाला कसं कळलं?’

‘तोंडावर आहे तुमच्या.’

‘सांगा ना मग, मी सांगितलं होतं म्हणून.’

‘नाय सांगणार. त्या दिवशी मला वाटलेलं मशिनीचा प्रश्न आहे,’ तो खाली बघत म्हणाला. ‘मग तुमचा हात बघितला. प्रश्न मशिनीचा नव्हताच.’

मी काय सांगितलं नि किती, आता आठवत नाही. गोदाच्या छातीतली शीळ, सासूबाईंचे कान, सरांचं काम... सगळंच सांगितलं असावं, कारण माझा चहा गार झाला होता. तो मध्ये एकदाही ‘काळजी करू नका’ म्हणाला नाही. फक्त एवढंच विचारलं, ‘शीळ कशी असते? करून दाखवा.’

मी ओठ मुडपून करून दाखवली. तो पक्षी ऐकावा तसा मान तिरकी करून ऐकत होता.

त्याच्या पुढच्या शनिवारी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. उघडलं तर हेडफोन – पण कसला! डावीकडे रेक्झिनची जाड गादी, उजवीकडे नुसता स्पंज. दोन जातींचे हेडफोन कापून एकाच पट्टीला जोडलेले.

‘हे काय ध्यान?’

‘डावा कान झूलॉजीचा,’ तो गंभीरपणे म्हणाला. ‘उजवा गोदाचा.’

मी इतकी हसले, इतकी हसले, की बाहेरचा पानवाला डोकावून गेला. किती दिवसांनी हसत होते मी अशी... आणि तो हसत नव्हताच. तो माझ्याकडे बघत होता. मग एकदम वळून त्याने एक प्लग सोल्डर करायला घेतला. तो प्लग चांगला धडधाकट होता.

*

त्या ध्यानाने माझं काम तरलं. शिंपी सापडला, कोतवाल सापडला. सर खूश. पण प्रत्येक कॅसेटमध्ये काहीतरी उरायचंच, अगदी बारीक, अगदी लांबचं, अर्ध्या कानाला न लागणारं. ‘हे राहिलेलं पुढे बघू,’ सर म्हणायचे, आणि ‘राहिलेलं’ साठत चाललं.

शनिवार मात्र... शनिवारचं काय सांगू? शुक्रवारपासून माझ्या साड्यांचे रंग मला दिसायला लागले होते. गोदा तर रतनच्या दुकानात मालकिणीसारखी जायची. स्पीकरच्या खोक्यावर बसायची, बंद माइक तोंडाला लावायची, ‘हॅलो हॅलो’ करायची. तो तिला ‘अध्यक्ष’ म्हणायचा.

‘अध्यक्षांना चिक्की चालेल?’

‘दोन चालतील,’ अध्यक्ष सांगायच्या.

डिसेंबरात एके शनिवारी तो दारातच वाट बघत उभा होता. ‘चला, चला, लवकर बसा. काल गेलेलो खाडीत. दोन माइक लावून भरलंय, एक पुढे नाळेवर, एक मागे. तुम्ही होडीत बसलात असं वाटलं नाही तर नाव बदलीन.’ आणि त्याने एक हेडफोन पुढे केला. मोठा, रेक्झिनचा, दोन्ही कान झाकणारा.

मी तो ओळखला. ‘हा... शेठजींकडचा ना? तोच?’

‘पडून होता बिचारा,’ तो कान खाजवत म्हणाला. ‘तुम्ही गेल्यावर घेतला. धंद्याला लागतो.’

‘लाउडस्पीकरच्या धंद्याला?’

‘हां... म्हणजे... लागू शकतो.’

गोदा समोर खोक्यावर चिक्की खात होती. दोन हातांवर. मी मन घट्ट केलं आणि हेडफोन चढवला. आणि खरंच – मी होडीत होते! समोर पाणी फुटत होतं, मागे वल्हं टपटपत होतं, उजवीकडे लांब बगळे भांडत होते. माझे डोळे आपोआप मिटले.

आणि मागून, डावीकडून, एक मूल रडलं.

मी उठले. हेडफोनची वायर ताणली गेली, वॉकमन टेबलावरून पडला, मी दुकानातून रस्त्यावर. ‘गोदा! गोदाऽ!’ एक सायकलवाला शिव्या देत वळला. मी डावीकडे धावले, रडणं डावीकडून आलं होतं ना... मग मागून बारीक आवाज आला, ‘आई, मी इथेच आहे.’

ती खोक्यावरच होती. चिक्कीचा तुकडा अजून हातात.

‘कुरव होता तो,’ रतन माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाला. ‘थंडीत येतात ना हे पक्षी खाडीवर. पोरासारखे रडतात. मीपण लहानपणी फसलेलो.’

कुरव! झूलॉजीत फर्स्ट क्लास घेतलेली मी, आणि कुरवाला हाक मारत टेंभी नाक्यावर धावले होते. मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं. भर रस्त्यात, चिक्की खाणाऱ्या लेकीसमोर. रतन पुढे झाला. रस्त्याच्या आणि माझ्या मध्ये नुसता उभा राहिला, मला कुणी बघू नये असा.

*

पुढच्या शनिवारी मी जाणार नव्हते. गेले. त्याने एक कॅसेट पुढे ठेवली. डोळे जागरणाने लाल.

‘तीच खाडी आहे. कुरव काढलेत.’

‘काढलेत? कसे?’

‘दोन टेपरेकॉर्डर जोडले. कुरव बोलला की बंद, गप झाला की चालू. बंद, चालू. तीन दिवस लागले.’

मी गोदाला मांडीवर घेतलं आणि ऐकलं. पाणी – खट. वल्हं – खट. बगळे – खट – पाणी. खाडीला उचक्या लागल्यासारखं. माझ्यासाठी एका माणसाने तीन दिवस बसून खाडीतून भीती वेचून काढली होती, तांदळातले खडे वेचावेत तशी. आणि त्यात खाडीच उरली नव्हती.

‘आवडली नाही,’ तो म्हणाला.

‘अर्धी खाडी कापलीत हो तुम्ही.’

‘तुम्ही घाबरता म्हणून...’

‘कुरव परत घाला. मला सगळी हवीये.’

‘मग पुन्हा घाबराल.’

‘घाबरेन,’ मी म्हटलं. ‘पण तुम्ही समोर असलात तर –’

आणि थांबले. काय बोलून गेले होते मी! त्याच्या हातातला पेचकस टेबलावर पडला आणि घरंगळत घरंगळत खाली गेला. तो उचलायला कुणीच वाकलं नाही.

‘तर?’ त्याने विचारलं.

‘...तर कमी घाबरेन.’

तो त्या हेडफोनच्या रेक्झिनवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘वृंदामॅडम, एक बोलू? तुम्हाला पाहिजे तसा हेडफोन बाजारात येणार नाय. जपानवाले पण नाय बनवणार. दोन्ही कान बंद करायचे, तर दुसऱ्या कुणीतरी उघडे ठेवायला लागतात.’ आणि एका दमात, ‘मला रविवारी सुट्टी असते.’

*

रविवारी दुपारी आमच्या जिन्यावर त्याची चप्पल वाजली. हातात डबा, गळ्यात तो मोठा हेडफोन. ‘कोळी माणूस रिकाम्या हातानं कसा येणार? कोळंबी आहे. सकाळची.’

विमलाबाई राजापूरच्या. त्यांनी डबा उघडून आधी कोळंबीची पारख केली, मग माणसाची. ‘नाव काय म्हणालास?’

‘रतन.’

‘मोठ्याने बोल रे! साउंडवाला ना तू?’

‘रतन नाखवा!’

‘लग्न का नाही केलंस?’

‘आई!’ मी म्हटलं. त्यांना अर्थात ऐकू आलं नाही.

‘लोकांच्या लग्नात माइक लावता लावता राहून गेलं, आई!’ तो जोरात म्हणाला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुसखुसलं.

गोदा कॉटवर पेंगत होती. मी त्याला सगळं दाखवलं. औषधाची बाटली कुठे, चमचा कोणता, भरायचा किती, पाणी किती कोमट. आडवं ठेवायचं नाही, पाठ टेकवून बसवायचं. त्याने मला परत म्हणून दाखवलं, शाळेतल्या पोरासारखं, एकही न चुकता. मग त्याने खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली.

‘अशी बसा.’

‘पाठ करून? मग मला दिसणार कसं?’

‘दिसणारच असेल तर मी कशाला आलोय?’

मी त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. मी गोदाकडे बघितलं. मग बसले, आणि तो मोठा हेडफोन चढवला, आणि ठाकुर्ली गेली. कुकर गेले, जिना गेला, माझ्या लेकीचा श्वास... तोही गेला. सरांची सगळ्यांत अवघड कॅसेट सुरू झाली. येऊरची, पहाटेची. पहिली दहा मिनिटं मी काहीच ऐकलं नाही. फक्त न वळण्याचं काम करत होते. मान दुखायला लागली. आता वळू, आता... खिडकीबाहेर रेल्वे क्वार्टर्सच्या पिंपळावर एक खार चढली, उतरली, पुन्हा चढली. मग केव्हातरी खार दिसेनाशी झाली आणि येऊर दिसायला लागलं. दव टपकत होतं. लांब मोर. जवळ दयाळ. आणि दयाळाच्या मागे, खूप मागे, पानाआड कुणीतरी दोन दगड घासावेत तसं चिक... चिक... चिक... फुलटोचा! बोटाएवढा पक्षी. महिनाभर ‘राहिलेलं’ म्हणून ज्याला सर सोडून देत होते, तो. मी डोळे मिटले आणि कॅसेटची आख्खी बाजू ऐकली.

खटका पडला. मी वळले.

गोदा रतनच्या मांडीवर ताठ बसली होती, पाठ त्याच्या छातीला टेकून. गाल लाल. शेजारी औषधाची उघडी बाटली. कोमट पाण्याचा पेला, अर्धा.

‘काय झालं?’ माझा आवाज मलाच ओळखू येईना. ‘शीळ आली? आणि तुम्ही मला हाक नाही मारलीत?’

‘आली. थोडी. औषध दिलं, बसवली. पाठीला कान लावून ऐकत होतो. उतरली आता.’

‘मी इथे होते! चार पावलांवर! मला न सांगता –’

‘वाढली असती तर तुमच्या कानावरून ओढून काढला असता,’ तो शांतपणे म्हणाला. ‘पण नाय वाढली. आणि तुम्ही... तुम्ही हसत होतात, खिडकीच्या काचेत दिसत होतं. मी म्हटलं, ऐकू दे.’

मी गोदाला जवळजवळ हिसकावून घेतलं. तिच्या पाठीला कान लावला. आत श्वास जात होता, येत होता. स्वच्छ, सकाळच्या खाडीसारखा. पुन्हा ऐकला. पुन्हा. माझ्याशिवाय झालं होतं हे. शीळ आली, ऐकली गेली, गेली. आणि मी येऊरमध्ये होते. राग यायला हवा होता, तो आलाही. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी सुटत होतं, तीन वर्षं आवळून धरलेली मूठ सुटावी तसं. दुखतच होतं ते आधी.

‘आई,’ गोदा माझ्या खांद्यावरून म्हणाली, ‘काकांनी मला एक सांगितलं. तुला सांगायचं नाहीये.’

‘अध्यक्ष!’ रतन दचकला.

‘काय सांगितलं?’

‘तू ऐकत नव्हतीस तेव्हा सांगितलं. काकांना ना, तू –’ गोदाने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. ‘चिक्की देणार का?’

मी रतनकडे वळले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. आख्ख्या ठाण्याला ऐकवणारा माणूस!

‘माझ्या पाठीमागे बोललात?’

‘तुम्ही ऐकत नव्हतात म्हणूनच तर जमलं.’

‘आता ऐकतेय,’ मी म्हटलं. ‘दोन्ही कान उघडे आहेत. बोला.’

‘हॅलो...’ त्याने घसा साफ केला. ‘हॅलो... माइक टेस्टिंग...’

‘रतन!’

‘मला ना...’ तो अगदी हळू, माझ्या पावलांकडे बघत म्हणाला, ‘मला हे रोज करायचंय. तुम्ही ऐकत बसायचं आणि मी... मी गोदाकडे बघायचं. नुसतं रविवारी नाय. लग्न करून.’

‘काय म्हणतोय तो?’ स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई ओरडल्या. हातात सोललेली कोळंबी. ‘मला कळू दे की! मोठ्याने!’

रतनने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला वाचवेन. मी नाही वाचवलं.

‘लग्न करायचंय, आई!’ तो ओरडला. ‘वृंदाशी! तिची हरकत नसेल तर!’

जिन्यावरची पोरं गप्प झाली. शेजारचा रेडिओ बंद झाला. वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकली. सगळी चाळ कान होऊन बसली.

सासूबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलाचा फोटो दाराशेजारच्याच भिंतीवर होता. त्यांनी वळून त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळे भरले होते. आवाज मात्र तसाच खणखणीत.

‘मला काय विचारतोस, मेल्या? तिला विचार. मी कोळंबीत कोकम घालते तोवर.’

त्या आत गेल्या. मी गोदाला खाली ठेवलं. ती आजीमागे पळाली आणि मी तिला जाऊ दिलं.

‘फुलटोचा सापडला,’ मी म्हटलं.

‘काय?’ तो गोंधळला.

‘येऊरच्या कॅसेटमध्ये. सर वेडे होतील. अजून कपाटभर कॅसेट आहेत त्यांच्याकडे.’

‘कपाटभर...’ तो सावकाश म्हणाला. ‘म्हणजे कपाटभर रविवार.’

‘रविवार पुरायचे नाहीत, रतन,’ मी म्हटलं, अगदी हळू, चाळीतल्या एकाही कानाला लागणार नाही इतकं. ‘बाकीचे वारही लागतील.’